पत्रिका कोणाची पाहिली?

आमच्याकडं 'नाही' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. 'बघू' म्हणतात, 'कळवतो' म्हणतात, 'घरी विचारून सांगतो' म्हणतात, आणि ऐकणारा काय समजायचं ते समजून आपल्या वाटेनं जातो. पालमच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं 'महाग आहे, नको' असं तोंडावर सांगितलेलं मला आठवत नाही. पातेलं तीनदा वाजवून बघतात, उलटं करून बघतात, आणि 'आलोच जरा' म्हणून जातात. ते काही येत नसतात. त्यांनाही ठाऊक, मलाही ठाऊक. तरी मी म्हणतो, "या या, बाजूला काढून ठेवतो."

घरात तर विचारूच नका. वडिलांना चहा पाहिजे असला की ते मला सांगायचे, "तुझ्या आईला म्हणावं, चहा होत असंल तर बघ." आई चार हातांवर भाकरी थापत बसलेली. तीही मलाच सांगायची, "त्यांना म्हणावं, दूध आलं की होईल." दोघांनी एकमेकांचं सगळं ऐकलेलं असायचं, तरी मी मधे उभा राहून निरोप पोचवायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

अशा घरात वाढलेला माणूस कसला थेट बोलणार! मी तर सगळ्यांच्या वरताण निघालो. लहानपणी एकदा मावशीकडं गेलो होतो. तिनं विचारलं, "जेवतोस का रे?" होय म्हणावं, तर तिला वाटेल हावरट आहे. मी म्हणालो, "जेवूनच आलोय." ती म्हणाली, "बरं." आणि माझ्यासमोर गरम धपाटे आणि दही घेऊन बसली. आमच्या आईनं असं चारदा तरी 'घे की' म्हटलं असतं, पण मावशीनं माझा शब्द खरा धरला. त्या धपाट्यांचा वास मला अजून आठवतो, आणि मावशीवर थोडा रागही आहे. चूक माझीच होती म्हणा.

पुढं लग्नाचं वय झालं आणि या रोगाची खरी परीक्षा सुरू झाली.

त्याआधी दुकानातलं एक काम सांगायला पाहिजे, कारण माझी सगळी गंमत त्याच्याभोवतीच झाली. भांड्यावर नाव टाकायचं काम माझं. पेनासारखं एक मशीन असतं. बटण दाबलं की घर्रर्र करतं आणि स्टीलवर टोचत टोचत अक्षरं उमटतात. लग्नसराईत रांग लागते. कुणाला 'सप्रेम भेट' पाहिजे असतं, कुणाला नवरानवरीची नावं शेजारी शेजारी पाहिजे असतात. माझं अक्षर चांगलं, म्हणून लांबून लोक यायचे. शेकडो जोडप्यांची नावं मी टाकली, आणि स्वतः एकतिसाव्या वर्षी बिनलग्नाचा. शेजारचा कापडवाला मला म्हणायचा, "लेका, एखाद्या पातेल्यावर चुकून तुझंबी टाकून बघ."

आमच्या घरी मुली बघायचं काम मामांकडं, म्हणजे आईच्या थोरल्या भावाकडं. सायकलच्या दुकानातून उठले की मामा तेच करायचे. एका वहीत सगळ्या तालुक्यांतल्या उपवर मुलामुलींची माहिती. पहिली मुलगी पाहिली ती वालूरची. मला आवडली. तिच्या वडिलांनी निघताना हात जोडले, म्हणाले, "कळवतो." मी वेड्यासारखा वाट बघत बसलो. फोन वाजला की उडायचो. वीस दिवसांनी मामा दुकानात आले, एक पेला उचलून उगीच निरखत बसले आणि म्हणाले, "पत्रिका जुळत न्हाई म्हणतेत."

आता खरं सांगायचं तर आमच्यात पत्रिकेचं एवढं काही नाही. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय घरात चहा होत नाही, पण ग्रहताऱ्यांच्या नादाला कुणी लागत नाही. माझी पत्रिका एका आत्यानं हौसेखातर काढून ठेवली होती, तिचा कोपरा कपाटात उंदरानं खाल्लेला. पण नकार द्यायचा म्हटलं की सगळ्यांना पत्रिका आठवते. पत्रिकेवर कुणी रागावत नाही. दोष मंगळावर जातो आणि माणसं एकमेकांच्या लग्नात जेवायला मोकळी राहतात.

दोन महिन्यांनी चारपाच पोरं दुकानात आली. मित्राच्या लग्नात द्यायला मोठा डबा घेतला आणि म्हणाली, नावं टाकून द्या. नवरा पालमचाच, सरकारी नोकरीतला. नवरीचं नाव सांगितलं आणि मी विचारलं, "गाव कोणतं?" म्हणाले, "वालूर." मी मशीन सुरू केलं. दोन्ही नावं टाकली, मधे एक फूलही काढलं. पोरं म्हणाली, "अक्षर लय भारी हाय तुमचं." त्या दिवशी मी दुपारचा जेवलो नाही. वाईट वाटलं, लय वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगता येईना.

मग मी एक हिकमत काढली. मुलगी बघून आलो की त्याच संध्याकाळी मामांना सांगायचं, "मामा, कळवून टाका. पत्रिका जुळत न्हाई." त्यांनी नाही म्हणायच्या आत आपण नाही म्हणायचं. ना वाट बघणं, ना फोन वाजला की उडणं. असं मी चार ठिकाणी केलं. मला वाटायचं, काय डोकं चालवलं! आई बेजार झाली. म्हणायची, "तुला काय स्वर्गातली अप्सरा पायजे का रे? आरशात तोंड बघ एकदा." मामांच्या वहीची पानं संपत आली.

सहावी मुलगी पिंगळीची. ती एसटीत कंडक्टर होती, परभणीच्या डेपोत. आम्ही तिघं गेलो, आई, मामा आणि मी. वडील दुकानात थांबले. पोहे आले. तिनं बशी माझ्या हातात दिली, समोर बसली आणि सरळ मलाच विचारलं, "पोहे कसे झालेत?"

"लय छान झालेत," मी म्हणालो.

"मीठ टाकायचं राह्यलंय," ती म्हणाली. "आईनं आत्ताच आत सांगितलं मला."

आणि मोकळेपणानं हसली. तिची आई लाजून मिठाची वाटी आणायला उठली. मी तोवर इज्जत राखायला अर्धी बशी संपवली होती. उरलेलीही तशीच संपवली.

मग मामांनी घसा खाकरून मुद्द्याची गोष्ट काढली. "लग्नानंतर नोकरीचं काय, म्हणजे कसं, आता घरदार म्हणलं की..." पालमहून निघालेलं मामांचं वाक्य अजून गंगाखेडलाही पोचलं नव्हतं, तेवढ्यात ती म्हणाली, "नोकरी सोडणार न्हाई."

नुसतं 'न्हाई'. पुढं 'बघू' नाही, मागं 'तसं' नाही. मी आयुष्यात इतका स्वच्छ नकार ऐकला नव्हता. वाटलं, आता काहीतरी होणार. पण काहीच झालं नाही. आईनं पदर सारखा केला. तिच्या वडिलांनी विचारलं, "पाव्हणं, चहा अजून घेता का?" आणि मामा घेतो म्हणाले. मी तिच्याकडं बघतच राहिलो. ती मला आवडली. मागच्या पाचही वेळा मिळून जेवढं कुणी आवडलं नसेल तेवढी आवडली.

परतीच्या वाटेत मामा सहज बोलून गेले, "पोरगी चांगली हाय, पण पर्मनंट नोकरीवाली. दुकानदाराला देतेत का कोण जाणे." झालं! वालूर आठवलं, तो डबा आठवला, मधलं फूल आठवलं. पालम स्टँडवर उतरताच मी म्हणालो, "मामा, कळवून टाका. पत्रिका जुळत न्हाई." आईनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. घरी येऊन मी अंगणातला नळ विनाकारण खोलून दुरुस्त केला.

पंधरा दिवसांनी मला मालासाठी परभणीला जायचं होतं. सकाळच्या गाडीत बसलो, खिडकी धरली, आणि मागून आवाज आला, "बोला, कुठं?" आवाज ऐकूनच मी गार झालो. शेजाऱ्याचं वर्तमानपत्र ओढून तोंडापुढं धरलं. कंडक्टरपुढं वर्तमानपत्राचा काय उपयोग! ती येऊन उभी राहिली.

"कुठं जायचं?"

"परभणी," मी वर्तमानपत्रातूनच म्हणालो.

तिनं मशीनमधून तिकीट फाडलं, माझ्या हातात दिलं आणि तिथंच उभी राहून म्हणाली, "पत्रिका कोणाची पाह्यली तुमी?"

"अं?"

"जुळली न्हाई म्हणून निरोप आला. माझी पत्रिका कधी काढलीच न्हाई. मी झाले तवा आई शेतात कापूस येचायला होती, घड्याळ कुणाकडं न्हवतं. मग तुमी पाह्यली ती कोणाची?"

शेजारचे काका वर्तमानपत्र विसरून माझ्या तोंडाकडं बघायला लागले. पुढच्या सीटवरच्या दोन बायांनी माना वळवल्या. मी म्हणालो, "ते... मामांनी... म्हणजे मी बघतो, घरी विचारून सांगतो."

"पुढं सरका, मधी जागा हाय," म्हणत ती गर्दीत गेली. परभणी येईपर्यंत तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. उतरताना मात्र दारात मला ऐकू जाईल एवढंच म्हणाली, "मला दुसरे पाहुणे बघायला यायलेत रविवारी. आता घरी सावकाश विचारा."

परभणीत त्या दिवशी मी काय खरेदी केलं देव जाणे. नंतर कळलं, पेल्यांऐवजी चहाच्या गाळण्यांची दोन पोती आली होती. डोक्यात एकच. या पोरीचं रविवारी जमलं, तर मी जन्मभर भांड्यांवर दुसऱ्यांची नावं टाकत बसणार, आणि दोष मंगळाचाही नसणार. 'नाही' ऐकायला लागेल म्हणून किती भ्यायचं? तिनं मामांना नाही म्हटलं, तर मामा मेले का? उलट जादा चहा पिऊन आले.

चौकशी केली, तिची गाडी परतीला तीन वाजता होती. दीडची गाडी समोर उभी होती, रिकामी. ती मी जाऊ दिली. तीनच्या गाडीत चढलो. ती आली. "कुठं?"

"पालम. आन् मला काही सांगायचंय."

"गाडी गंगाखेडला थांबती," ती म्हणाली आणि तिकीट दिलं.

गंगाखेडला ती कंट्रोलरकडं नोंद करून चहाच्या गाड्यावर आली. मी आधीच तिथं उभा होतो. वाटभर चांगली वाक्यं जुळवली होती, पण ती समोर येताच एकही आठवेना. मग जे होतं ते निघालं.

"पत्रिका पाह्यलीच न्हाई," मी म्हणालो. "मी न्हाई, मामांनी न्हाई, कुणीच न्हाई. तुमी मला आवडल्या. लय आवडल्या. तुमी न्हाई म्हणाल म्हणून मीच आधी न्हाई म्हणलो. भ्यालो मी."

चहावाल्याची किटली हवेतच राहिली. ती माझ्याकडं बघत होती. हसेल असं मला वाटलं होतं, पण ती हसली नाही.

"म्हणजे माझा जवाबबी तुमीच देऊन टाकला."

"होय."

"मला न इचारता."

"होय. चुकलं माझं."

"मी त्या दिवशी घरी होय म्हणलं होतं," ती म्हणाली. "माणूस खोटं बोलतोय, पण दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बिनमिठाचे पोहे सगळे खातोय, असं आईला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप. दोन दिवस मी ड्युटीवर कुणाशी धड बोलले न्हाई. माझ्यात काय कमी हाय, हेच डोक्यात."

मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. वालूरच्या निरोपानं मला जे झालं होतं, तेच मी हिला दिलं होतं. आणि हिच्या आधीच्या चौघींना काय झालं असेल, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. मी स्वतःला लय हुशार समजत होतो.

"आता मी इचारतो," मी म्हणालो. आवाज फाटला, पण म्हणालो. "माझ्याशी लग्न कराल का? न्हाई म्हणलं तरी चालंल. म्हणजे चालणार न्हाई, पण तुमी म्हणा."

चहावाला खुदकन हसला. तिच्याही ओठाचा कोपरा हलला, पण तिनं तो आवरला.

"आता मी रागात हाय. रागात होय म्हणत न्हाई आन् न्हाईबी म्हणत न्हाई."

"मग कळवता?"

"कळवत न्हाई," ती म्हणाली. "सांगते." आणि शिट्टी वाजवून गाडीत चढली. मी धावत धावत मागून चढलो.

घरी गेलो. आई भाजी निवडत होती, वडील खाटेवर होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मला ती पिंगळीचीच पायजे. पत्रिकेचं खोटं होतं. त्या चौघींच्या वेळचंबी खोटं होतं. मीच भिऊन न्हाई म्हणत होतो. आज तिला इचारून आलोय."

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. "मेल्या," ती म्हणाली, "मग हे सांगायला तुझ्या तोंडात काय मूग भरले होते का? मी तुझ्यासाठी पाच सोमवार निरंकार उपास धरले की रे!" आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की वडिलांना उठून तिला पाणी द्यावं लागलं. वडिलांनी तांब्या थेट तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे." मला मधे न घालता वडील आईशी बोललेले मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. मामा मात्र चार दिवस रुसले. म्हणाले, मधला माणूस न ठेवता कुठं लग्न ठरत असतं का!

रविवार आला. त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकांना चुकीची झाकणं दिली. पाहुणे पिंगळीला पोचले असतील, पोह्यांत आज मीठ असेल, पाहुणा सरकारी असेल, असं सगळं डोळ्यापुढं. सोमवार गेला. फोन नाही. मामा म्हणाले, "मी चौकशी करू का?" मी म्हणालो, "न्हाई." मामा चमकलेच. मीही चमकलो. तोंडातून कसा सहज निघाला तो शब्द!

वाट बघणं वाईटच असतं, ते काही या वेळी सोपं झालं नाही. फरक एवढाच, की मी विचारलं होतं, आणि आता जे येईल ते तिचं स्वतःचं असणार होतं. 'नाही' आलं असतं तर मी रडलो असतो, हेही खरं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला दुकानात गर्दी होती. एक आजीबाई कुकरची शिट्टी बदलून मागत होत्या. तेवढ्यात खाकी गणवेशातली, खांद्याला बॅग लावलेली ती पायरी चढून आत आली. आजीबाईंच्या शेजारी उभी राहिली आणि जेवणाचा स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला.

"याच्यावर नाव टाकून द्या. गाडी धा मिनिटं थांबणार हाय."

"कुणाचं?" मी विचारलं. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

"माझं. आन् शेजारी तुमचं."

कुकर माझ्या हातातून सुटून काउंटरवर आदळला. आजीबाई म्हणाल्या, "अगं माय!"

"म्हणजे... होय?" मी म्हणालो.

"मला तुमीच इचारलं ना? मग जवाबबी तुमालाच द्यायला आले. रविवारच्या पाहुण्यांना न्हाई म्हणून सांगितलं, तोंडावर. चला, टाका लवकर."

मी मशीन सुरू केलं. शेकडो नावं टाकलेला हात त्या दिवशी असा थरथरला, की तिचं नाव नीट आलं आणि माझं उतरणीला लागलं. शेवटचं अक्षर पार खाली घसरलं. तिनं डबा उचलून बघितला.

"वाकडं आलंय," ती म्हणाली.

"नवा डबा देतो की."

"न्हाई. वाचता येतंय." आणि डबा बॅगेत टाकून ती स्टँडकडं निघाली.

ती गेल्यावर बघतो तर झाकण काउंटरवरच. मी ते उचललं आणि दुकान, गिऱ्हाइक, कुकर सगळं तसंच सोडून भर बाजारातून पळत सुटलो. कापडवाला गादीवरून ओरडला, "अरे, काहून पळायलास? काय झालं?"

एरवी मी म्हणालो असतो, काही न्हाई, असंच. त्या दिवशी झाकण वर धरून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडलो, "लग्न ठरलं माझं!"